पेशीचा ताळा

भाचीनं फोन पुढे केला तेव्हा आई वाल सोलत होती. एका वाटीत सालं, दुसरीत दाणे, आणि सगळ्या स्वयंपाकघरात मोड आलेल्या वालांचा ओला, उग्र वास. फोनवर काचेच्या बशीचा फोटो होता, अंधाऱ्या खोलीत निळ्या दिव्याखाली काढलेला. बशीभर चमकणारे हिरवे ठिपके. ‘‘आजी, हे जंतू गणित करतात. मी करायला लावलंय त्यांना. सरस आहे ना?’’ आईनं ओला हात पदराला पुसला, फोन डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. ‘‘कसलं गणित?’’ ‘‘अगदी साधं. एक रसायन आहे आणि दुसरं नाही, असं असेल तरच चमकायचं. दोन्ही असली तर नाही, दोन्ही नसली तरी नाही.’’ आईनं मान हलवली; अट तिला कळली होती. मग तिनं विचारलं, ‘‘आणि उत्तर कोणाला सांगतात?’’ ‘‘मला. चमकून.’’ ‘‘आणि तू बघायला नसलीस तर?’’

‘‘आजी, तू पण ना,’’ म्हणत भाची आतल्या खोलीत गेली आणि आई पुन्हा वालांकडे वळली. मी ओट्याशी उभी होते. तो प्रश्न माझ्याच अंगाला चिकटला.

आई बडोद्यातल्या एका मराठी शाळेत गणित शिकवायची. तेव्हा दांडिया बाजार, रावपुरा या भागातल्या घराघरांतून मुलं मराठी शाळेत जायची, वर्ग भरून वाहायचे. आता त्या वर्गांची संख्या रोडावली आणि आमच्या भाचीसारखी पोरं इंग्रजीत शिकून, गुजरातीत भांडून, घरी आल्यावर मराठी बोलतात. आईच्या वर्गात रीत लिहिल्याशिवाय गुण नसत. उत्तर आल्यावर ताळा करायचा. आणि ताळा जमला तरी काम संपत नसे, कारण उत्तराचं वाक्य पूर्ण लिहावं लागे: व्यापाऱ्याला इतका नफा झाला, टाकी इतक्या तासांत भरली, प्रत्येकाला इतके आंबे मिळाले. नुसता ‘बारा’ हा आकडा आई उत्तर मानतच नसे. बारा काय, कोणाचे, कशाचे? वहीवर लाल शाईत हाच शेरा. त्या बाईनं जंतूंनाही तोच प्रश्न विचारावा यात नवल काही नव्हतं. पण मी आयुष्यभर संगणकावर काम केलेलं, त्यामुळे मला त्यात वेगळंच काही ऐकू आलं. माझ्या उमेदवारीच्या काळात हिशेब यंत्राच्या पोटात केव्हाच होऊन गेलेला असे, आणि आम्ही सगळे त्या डॉट मॅट्रिक्स छपाईयंत्राच्या करकरीकडे कान लावून बसायचो. दोन्ही कडांना भोकं असलेला रुंद कागद घडी घडी करत बाहेर येई. साहेबांच्या टेबलावर तो कागद पडेपर्यंत उत्तर आहे की नाही, याला काही अर्थ नव्हता. आकडेमोड हा कामाचा लहानसा भाग होता; उरलेलं सगळं, उत्तर कोणापर्यंत तरी पोहोचवण्यासाठी.

त्यामुळे लिओनार्ड एडलमन यांचा प्रयोग वाचताना माझं लक्ष नेहमी भलत्याच ठिकाणी अडकतं. हे मूळचे संगणकाच्या सिद्धांताचे गृहस्थ. आपण बँकेचा व्यवहार इंटरनेटवर करतो तेव्हा ज्या प्रकारच्या कुलपावर विसंबतो, ते आरएसए कुलूप १९७७ मध्ये शोधणाऱ्या तिघांपैकी एक. नावातलं शेवटचं अक्षर त्यांचं. पुढे ते जीवशास्त्र शिकायला प्रयोगशाळेत गेले. एका रात्री अंथरुणात पडून जेम्स वॉटसन यांचं पाठ्यपुस्तक वाचताना ते डीएनए पॉलिमरेजच्या वर्णनापाशी आले. हे विकर डीएनएच्या एका धाग्यावरून एकेक अक्षर पुढे सरकतं, अक्षर वाचतं आणि जोडीचं अक्षर नव्या धाग्यात लिहितं. १९३६ मध्ये ॲलन ट्युरिंग यांनी गणन म्हणजे काय हे सांगण्यासाठी कागदावर कल्पिलेलं यंत्र नेमकं हेच करतं: फितीवरून सरकतं, वाचतं, लिहितं. एडलमन उठून बसले. त्या रात्रीबद्दल वाचताना मला आजही अंगावर काटा येतो. एका गणितज्ञाला आपल्या कागदावरचं यंत्र जिवंत, आणि तेही आपल्याच पेशींमध्ये चालताना दिसावं!

१९९४ मध्ये त्यांनी जे केलं ते असं. सात शहरं, चौदा एकेरी रस्ते. पहिल्या शहरातून निघून, प्रत्येक शहरात एकदाच जाऊन, शेवटच्या शहरात पोहोचणारा मार्ग आहे का? सात शहरांसाठी हे कोडं कोणीही कागदावर सोडवेल, पण शहरं वाढली की शक्यता अशा फुगतात की मोठमोठे संगणकही हात टेकतात. एडलमन यांनी प्रत्येक शहरासाठी वीस अक्षरी डीएनएचा तुकडा बनवला. रस्त्याचा तुकडा म्हणजे निघायच्या शहराची शेवटची दहा अक्षरं आणि पोहोचायच्या शहराची पहिली दहा. डीएनएच्या चार अक्षरांत ए चं टी शी आणि जी चं सी शी जुळतं, तेव्हा शहराच्या जोडीचा तुकडा दोन रस्त्यांना शेजारी शेजारी धरून ठेवतो आणि लायगेज नावाचं विकर त्यांना सांधून टाकतं. हे सगळं चमच्याच्या पन्नासाव्या भागाएवढ्या पाण्यात. प्रत्येक प्रकारचे जवळपास शंभर लाख कोटी रेणू. नळीत सगळं मिसळल्यावर साधारण सेकंदाभरात, शक्य ते सगळे प्रवास एकाच वेळी घडले आणि त्या गर्दीत कुठेतरी बरोबर प्रवासाचे धागेही तयार झाले.

ते हुडकून काढायला सात दिवस लागले.

या सात दिवसांपाशी मी थांबते. लेखांमधून ते एका वाक्यात उरकतात, पण सगळी मेहनत तिथे आहे. आधी योग्य शहरापासून सुरू होऊन योग्य शहराशी संपणाऱ्या धाग्यांच्या तेवढ्या प्रती वाढवायच्या. मग जेल नावाच्या लिबलिबीत थरातून विजेच्या दाबाखाली ते धागे पळवायचे. आखूड पुढे जातात, लांब मागे राहतात, त्यातून नेमके १४० अक्षरांचे कापून घ्यायचे, कारण सात शहरं गुणिले वीस. मग चुंबकी मण्यांवर एका शहराचा जोडतुकडा बसवून त्याला चिकटणारे धागे धरायचे, बाकीचे धुऊन टाकायचे. पुढच्या शहरासाठी पुन्हा. त्याच्या पुढच्यासाठी पुन्हा. शेवटी जे उरलं ते उत्तर. रेणूंनी क्षणात केलेलं गणित माणसाला समजेल अशा वाक्यात आणायला एका माणसाच्या हातांना आठवडा लागला. रेणूंना मुळात प्रश्नही माहीत नव्हता. प्रश्न एडलमन यांच्या मनात होता, उत्तराचं वाक्यही त्यांनीच लिहिलं. मधली रीत तेवढी रेणूंची.

त्या काळात फार मोठ्या गोष्टी बोलल्या गेल्या. उद्याचा संगणक परीक्षानळीत असेल, वगैरे. युरिस हार्टमानिस या ज्येष्ठ गणितज्ञानं वर्षभरात एक साधा हिशेब मांडला: हीच रीत दोनशे शहरांना लावली तर लागणाऱ्या डीएनएचं वजन पृथ्वीहून जास्त भरेल. आईला मी हे सांगितलं तेव्हा ती मनापासून खूश झाली. रीत बरोबर असूनही वही पुरत नाही, अशी गणितं तिला फार आवडतात. २००२ मध्ये एडलमन यांच्याच गटानं वीस चलांचं, म्हणजे वीस ‘हो-नाही’ एकदम ठरवण्याचं कोडं डीएनएनं सोडवलं, १०,४८,५७६ शक्यतांमधून एकुलतं एक खरं उत्तर शोधलं. तेवढ्यावर ती वाट जवळजवळ संपली. सिलिकॉनशी शर्यत लावण्यात तसाही अर्थ नव्हता, असं मला वाटतं. लोखंडाच्या घाण्यानं बैलाशी बरोबरी केली म्हणून बैलाचं मोल कळत नाही, आणि उलटंही खरं आहे.

पण दुसरी वाट निघाली आणि ती मला जास्त आवडते. २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक संस्थेत लुलु चियान आणि एरिक विनफ्री यांनी १३० डीएनए धाग्यांचं एक मिश्रण बनवलं, जे वर्गमूळ काढतं. शून्यापासून पंधरापर्यंतच्या संख्येचं, पूर्णांकात, खाली उतरवून. म्हणजे उत्तर तीनच्या वर जात नाही. त्यालाही कित्येक तास लागतात. इथे निवडून काढणारा माणूस नाही, धागेच एकमेकांना हटवत उत्तरापर्यंत जातात. दोन धागे जुळून बसलेले असतात, त्यातल्या एकाची थोडी शेपूट मोकळी असते. तिसरा धागा येतो, त्या शेपटीला टेकतो आणि अक्षर अक्षर सरकत आधीच्या जोडीदाराला पूर्ण सुटा करतो. भरलेल्या बाकाच्या कडेला ‘जरा टेकू द्या हो’ म्हणत बसायचं आणि सरकत सरकत पलीकडच्या टोकाच्या माणसाला उठवायचं, अगदी तसं. उठलेला माणूस, म्हणजे सुटा झालेला धागा, दुसऱ्या बाकाकडे जातो आणि तिथे कोणालातरी उठवतो. एवढ्यावर आणि, किंवा, नाही हे तिन्ही व्यवहार उभे राहतात. शेवटी सुटलेल्या धाग्यामुळे रंगीत प्रकाश पडतो आणि यंत्र तो मोजतं. म्हणजे इथेही कोणीतरी बघायला हवंच. ‘तू नसलीस तर?’ याचं उत्तर अजून मिळालेलं नाही.

ते मला मिळालं जाक मोनो यांच्याकडे, आणि त्यासाठी मला मागे, १९४० च्या आसपासच्या पॅरिसमध्ये जावं लागलं. मोनो ई. कोलाय जंतूंना दोन साखरा एकत्र देत होते, ग्लुकोज आणि लॅक्टोज. जंतू भराभर वाढत, मग वाढ थांबे, काही वेळ आलेख आडवा पडे, आणि पुन्हा चढू लागे. आधी ते ग्लुकोज संपवत. ते संपल्यावर थांबून, जणू घरात काय आहे हे बघून, लॅक्टोजकडे वळत. त्या आडव्या रेषेचा अर्थ लावण्यात पुढची वीस वर्षं गेली. १९६१ मध्ये फ्रांस्वा जाकोब आणि मोनो यांनी तो मांडला आणि १९६५ मध्ये आंद्रे ल्वॉफ यांच्यासह त्यांना नोबेल मिळालं. लॅक्टोज पचवणाऱ्या जनुकांच्या तोंडाशी एक प्रथिन बसून वाट अडवतं. लॅक्टोज आत आलं की त्यापासून बनलेला रेणू त्या प्रथिनाला तिथून सोडवतो. पण एवढ्यानं काम जोरात सुरू होत नाही. ग्लुकोज कमी असेल तेव्हाच तयार होणारी दुसरी खूणही लागते. लॅक्टोज आहे आणि ग्लुकोज नाही. भाचीच्या बशीतली अट हीच की! तिनं जंतूंना ती शिकवली असं ती म्हणते. जंतू ती अट आपल्या आधी, माणूस नावाचा प्राणी नसल्यापासून सोडवत आलेत. आणि उत्तर? उत्तर म्हणजे लॅक्टोज फोडणारं विकर तयार होणं.

पेशी उत्तर सांगत बसत नाही. ती जेवते.

हे कळल्यावर त्या रात्री मी गच्चीत बराच वेळ फिरले. खाली रस्त्यावर सेव उसळीच्या गाडीवरची गर्दी, तळलेल्या मिरचीचा ठसका, कोणाच्या तरी स्कूटरचा हॉर्न. माझ्या सगळ्या नोकरीत हिशेब वेगळा आणि त्यावरून काय करायचं हे वेगळं होतं. दोन खाती, दोन मजले. कागद खालून वर जायचा, निर्णय वरून खाली यायचा, आणि मधल्या जिन्यावर कित्येक चांगली उत्तरं वाया गेलेली मी पाहिली आहेत. पेशीत जिनाच नाही. जो रेणू मोजतो तोच करतो. याचं मला कौतुक वाटलं आणि थोडी अस्वस्थताही आली, कारण मग ‘पेशीला गणित करायला लावणं’ म्हणजे नेमकं काय? तिच्या स्वतःच्या प्रश्नांमध्ये आपला प्रश्न घुसवणं. तिच्या जेवणातून आपल्या दिव्याचा खर्च काढणं.

भाचीचा ज्या घराण्यातला प्रयोग आहे त्याची सुरुवात जानेवारी २००० मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकाच्या एकाच अंकात झाली. बॉस्टनमध्ये गार्डनर, कँटर आणि कॉलिन्स यांनी ई. कोलायमध्ये एकमेकांची तोंडं बंद करणारी दोन जनुकं बसवली. एक चालू असेल तर दुसरं बंद, आणि बाहेरून ढकलल्याशिवाय ती स्थिती बदलत नाही. म्हणजे जंतूला एका ‘हो-नाही’ची आठवण राहिली. प्रिन्स्टनमध्ये एलोविट्झ आणि लीबलर यांनी तीन जनुकं रिंगणात बसवली, पहिलं दुसऱ्याला दाबतं, दुसरं तिसऱ्याला, तिसरं पहिल्याला, आणि जंतू सावकाश उजळू-विझू लागला. या लुकलुकण्याचा एक फेरा जंतूच्या आयुष्याहून लांब आहे. आईपेशी अर्धा फेरा उजळते, दुभंगते, आणि उरलेला फेरा तिच्या मुली पुढे नेतात. मात्र बहिणी बहिणी हळूहळू ताल सोडतात. हे वाचून मी भाचीला फोन केला होता, रात्री अकरा वाजता. ती म्हणाली, ‘‘आत्या, झोप आता.’’

काही दिवसांनी तिची बशी विझली. सगळे ठिपके जिवंत, टपोरे, पण हिरवा रंग जेमतेम चार-दोन ठिकाणी. ती रडवेली होऊन आली, चप्पल दारातच भिरकावली. ‘‘फेकून दिलं त्यांनी माझं सर्किट!’’ या क्षेत्रात हे सगळ्यांचं दुखणं आहे. बाहेरून बसवलेलं जनुक चालवायला पेशीला ऊर्जा लागते, कच्चा माल लागतो, प्रथिनं बनवणारे रायबोसोम लागतात, आणि ते सगळं तिच्या स्वतःच्या वाढीतून जातं. लाखो जंतूंत एखाद्याच्या त्या जनुकात अपघातानं बिघाड होतो. तो ओझ्यातून सुटतो, इतरांहून जरा लवकर दुभंगतो, आणि थोड्याच पिढ्यांत बशी त्याच्या वंशजांनी भरून जाते. चांगल्या परिस्थितीत ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतं, तेव्हा पिढ्यांना उशीर तो कितीसा. भाचीच्या पाठीवरून हात फिरवताना मला तिचं वाईट वाटत होतं आणि त्याच वेळी जंतूंच्या बाजूनं कुठेतरी आनंदही होत होता. तू बघायला नसलीस तर? नसलीस तर ते हे गणित करणार नाहीत. त्यांना ते परवडत नाही. पोळी-भाजी वाढताना आईनं एवढंच विचारलं, ‘‘त्यांच्या उपयोगाचं गणित घातलंस का कधी?’’ आणि खरं म्हणजे हाच उपाय शोधला जातोय. सर्किट चाललं तरच पेशी जगेल अशी त्याची गाठ एखाद्या अत्यावश्यक जनुकाशी मारायची. भाचीनं तो कसा करतात ते समजावलं. मला तो उपाय थोडा जबरदस्तीचा वाटतो. तिला अजिबात वाटत नाही.

या सगळ्यात रायबोसोमचं नाव आलं की बडोदेकर जरा ताठ बसतो. वेंकटरामन रामकृष्णन तीन वर्षांचे असताना इथे आले, इथेच वाढले. वडील विद्यापीठात जीवरसायनशास्त्राचे, आईही शास्त्रज्ञ. १९७१ मध्ये त्यांनी सयाजीराव विद्यापीठातून भौतिकशास्त्राची बी.एस्सी. केली. बऱ्याच वर्षांनी मी त्याच विज्ञान शाखेच्या जिन्यांवरून चढउतार केली, म्हणून काही नातं लागत नाही, तरी २००९ च्या ऑक्टोबरात नोबेलची बातमी आली तेव्हा आमच्या घरात पेढे आले होते. थॉमस स्टाइट्झ आणि अडा योनाथ यांच्याबरोबर तो सन्मान रायबोसोमच्या रचनेसाठी होता. मला पेढ्यांच्या पलीकडे तेव्हा काही कळलं नव्हतं. आता कळतं तसं त्यातलं एक कलम मला बाकी सगळ्याहून सुंदर वाटतं.

रायबोसोम डीएनएवरून उतरवलेली आरएनएची फीत तीन तीन अक्षरांनी वाचतो आणि प्रत्येक तिकडीला नेमून दिलेलं अमिनो आम्ल साखळीत जोडतो. जंतूत एका सेकंदाला वीसेकपर्यंत. प्रत्येक आम्ल घेऊन येणारा टीआरएनए वेगळा, आणि बरोबर टीआरएनएच्या आसपास चुकीच्यांची झुंबड. काही चुकीचे इतके जवळचे की तीनपैकी दोन अक्षरं जुळतात. नुसत्या चिकटण्यावर सोडलं तर शंभरात एखादा चुकीचा सहज आत जाईल. प्रत्यक्षात चूक हजारांत किंवा दहा हजारांत एखादी होते. हे कसं, याचं उत्तर १९७४ मध्ये जॉन हॉपफिल्ड यांनी कागदावर दिलं आणि पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये जाक निनिओ यांनीही, स्वतंत्रपणे. पेशी दोनदा तपासते. पहिल्या तपासणीत शंभरात एक चुकीचा सुटतो. मग जीटीपी नावाचा ऊर्जेचा रेणू खर्ची पडतो आणि परतीची वाट बंद होते. त्यानंतर पुन्हा तीच तपासणी. ढिल्या बसलेल्या चुकीच्या गड्याला तोवर गळून पडायला वेळ मिळतो. शंभरात एक, त्याचे शंभरात एक: दहा हजारांत एक. म्हणजे ताळा, आणि तोही फुकटचा नव्हे, खर्च करून विकत घेतलेला. रामकृष्णन यांच्या गटानं केंब्रिजमध्ये ही तपासणी करणारे अणूच दाखवले. रायबोसोमच्या आरएनएमधली दोन-तीन अक्षरं बाहेर वळतात आणि जोडीच्या खाचेत शिरून तिचा आकार चाचपतात. अक्षरं कुठली याच्याशी त्यांना घेणं नाही, जोडी घट्ट बसली की नाही एवढंच. हॉपफिल्ड यांना २०२४ मध्ये नोबेल मिळालं ते दुसऱ्याच कामासाठी, १९८२ मध्ये मांडलेल्या कृत्रिम चेतापेशींच्या जाळ्यासाठी, आणि चियान-विनफ्री यांनी २०११ मध्ये चार चेतापेशींचं तसलं जाळं डीएनएच्या धाग्यांतून बनवलं. एका माणसानं पेशीत गणित पाहिलं, त्याच माणसाच्या गणिताला इतरांनी पेशीचे रेणू दिले.

मी हे आईला सांगत होते, दुपारी, तिच्या कपाटातल्या साड्यांना ऊन दाखवताना. ताळ्याचं ऐकून ती लक्ष देऊन ऐकत होती, म्हणून मी पुढे गेले आणि म्हणाले की हा ताळा बिघडवता येतो. स्ट्रेप्टोमायसीन हे जंतुनाशक औषध जाऊन बसतं ते रायबोसोमच्या ह्याच तपासणीच्या जागेशेजारी. ते बसलं की चुकीचे टीआरएनएही खपून जातात, प्रथिनं भलतीच बनू लागतात, आणि जंतू कोलमडतो. ई. कोलायचे काही वाण या औषधाला दाद देत नाहीत, त्यांचा रायबोसोम जरुरीपेक्षा कडक तपासणी करणारा असतो. अशांची वाढ मात्र मंदावते. आईच्या हातात इरकली साडी तशीच राहिली. ‘‘स्ट्रेप्टोमायसीन? नानांना द्यायचे ते?’’

नाना म्हणजे आईचे वडील. संस्थान विलीन झालं आणि त्यानंतर लवकरच त्यांना क्षय झाला. इंजेक्शनं मुंबईहून मागवावी लागत, त्यासाठी आजीच्या पाटल्या गेल्या. आई तेव्हा पहिलीत असेल. तिला आठवतो तो उकळत्या पाण्यात ठेवलेल्या काचेच्या सिरिंजचा खुळखुळ आणि स्पिरिटचा वास. नाना वाचले. पण त्यांचे कान गेले. आधी चालताना तोल जाऊ लागला, मग हाका ऐकू येईनाशा झाल्या. आई त्यांच्याकडून गणित शिकली ते पाटीवर. ती उदाहरण सोडवून पाटी त्यांच्यापुढे धरायची, ते बोटानं पुसून चुकलेली पायरी दाखवायचे, पुन्हा पाटी. नुसता आकडा लिहिला तर त्यांना प्रश्न कुठला होता तेच कळत नसे, म्हणून ते वाक्य लिहायला लावत. इतकी वर्षं मी आईचा लाल शाईतला शेरा तिच्या शिस्तीत जमा करत आले होते.

संध्याकाळी भाची आल्यावर आईनं तिला समोर बसवलं. ‘‘जंतूंचा ताळा चुकवला, ते मेले. मग माणसाच्या पेशीचा का नाही चुकला?’’ भाची म्हणाली, माणसाच्या पेशीतले रायबोसोम जंतूंहून वेगळे, तिथे औषध नीट बसत नाही. ‘‘मग कान?’’ भाचीनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत ऊर्जा बनवणारे मायटोकॉन्ड्रिया असतात, ते फार पूर्वी जंतूच होते, असं शास्त्र सांगतं. त्यांचे रायबोसोम अजून जंतूंच्या वळणाचे. आणि आतल्या कानातल्या केसपेशी हे औषध आत ओढून घेतात, त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा येत नाहीत. आई ‘‘हं’’ म्हणाली. तिला राग आला होता, इतक्या वर्षांनी, आणि कोणावर काढावा हे तिला कळत नव्हतं, असं मला दिसलं.

मग भाचीनं तिला इस्राएलमधल्या वाइझमन संस्थेतल्या एहुद शापिरो यांच्या गटाचं २००४ चं काम सांगितलं. डीएनए आणि विकरांचं एक लहानसं यंत्र, परीक्षानळीत. ते ठरावीक आरएनए रेणू जास्त आहेत का, कमी आहेत का, अशा अटी एकामागून एक तपासतं. सगळ्या अटी कर्करोगाकडे बोट दाखवत असतील तरच स्वतःजवळचा औषधाचा तुकडा सोडतं, नाहीतर तो धरून ठेवतं. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियात वेंडेल लिम यांच्या गटानं रोगप्रतिकारक टी पेशींना अशीच दुहेरी अट घातली, आधी ही खूण दिसली तरच दुसरी शोधायला लागायचं, आणि उंदरांमध्ये त्या पेशींनी दोन्ही खुणा असलेली गाठ मारली, एकच असलेली सोडली. मला विचाराल तर या सगळ्या खटाटोपाचं समर्थन इथे आहे, वर्गमुळांत नाही. जिथे मोजणारा आणि करणारा एकच आहे, तिथेच उत्तर जिथल्या तिथे कामाला येईल; शहाणपण औषधाबरोबर आत जाईल, बाहेर कागदाची वाट बघत बसणार नाही.

आई उठून वही घेऊन आली. दूधवाल्याच्या हिशेबाची वही, मागचं पान कोरं. तिनं लिहिलं: क्षयाचा जंतू आहे आणि कानाची पेशी नाही, तर औषध सोडावे. वही भाचीपुढे सरकवली. भाचीनं वाचलं, पेन्सिल चावली. ‘‘आजी, जंतू ओळखता येईल. पण ही कानाची पेशी आहे हे यंत्राला कशावरून कळणार? तिची खूण काय धरायची?’’

‘‘ते तू शोध,’’ आई म्हणाली. ‘‘मी गणित घातलंय.’’